ढिगाऱ्यावरचा गोंगाट

आपत्तीत माणसं वाचवायची यंत्रं विकायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हा माझा धंदा. धंद्याचं नाव काढलं की लोकांना वाटायचं, हा आगीत उडी घेणारा किंवा पुरात पोहणारा गडी असणार. मी तसा कोणी नव्हतो. मी खुटबावचा. आजोबा मेंढरं राखायचे, वडील शेती करायचे, मी डिप्लोमा केला आणि पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर म्हणून लागलो. मोटारसायकलच्या कॅरिअरला पेटी बांधायची आणि शिरूर-दौंडचा पट्टा पालथा घालायचा. कचेऱ्या आणि कारखाने ही माझी गिऱ्हाइकं. दिवाळीचा अंक आहे, त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहा, असं बायकोचं म्हणणं पडलं. दोन दिवस बसून बघितलं. बरे शब्द आले नाहीत.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून आमचं काम सांगतो. इमारत पडली, दरड कोसळली, की तीन कामं असतात. आत माणूस कुठं आहे ते शोधायचं, त्याच्या अंगावरचं ओझं उचलायचं आणि मध्ये येणारं लोखंड कापायचं. तिन्हींना वेगळी यंत्रं. कापायचं यंत्र सगळ्यांना आवडतं, कारण त्यातून ठिणग्या उडतात आणि फोटो झकास येतो. शोधायचं यंत्र कुणाला नको असतं. एक करडी पेटी, काही वायरी, आणि कानाला हेडफोन लावून मान खाली घालून बसलेला एक माणूस. त्याचा कसला फोटो काढणार?

पण खरेदी जोरात चालायची. कुठं तरी भूकंप व्हायचा, वरून आदेश यायचा, आणि गरज बघायच्या आधी यंत्र येऊन पडायचं. नदीकाठच्या एका कचेरीत रबरी होडी आली होती. साहेबांनी ती सीलबंद गोदामात ठेवली. दरवर्षी मी तपासणीला जायचो आणि साहेब दरवर्षी म्हणायचे, "बाहेरून बघा. सील तोडायचं नाही हं, ऑडिटला दाखवायचीय." मी बाहेरून बघायचो. चांगली दिसायची. मग एका पावसाळ्यात भीमा फुगली, वीटभट्टीवरची माणसं पाण्यात अडकली, आणि मोठ्या सन्मानानं सील तोडलं गेलं. आतून होडीबरोबर उंदरांची चार पिढ्यांची वसाहत निघाली. होडीच्या तळाची चाळण झाली होती. शेवटी गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची ती अवाढव्य कढई, पाण्यात सोडली आणि माणसं आणली.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्या काहिलीचं कौतुक आलं. देशी तंत्रज्ञान म्हणे. कौतुक करणारा त्या काहिलीत बसला नव्हता. ती धारेत भोवऱ्यासारखी फिरत होती, आतली माणसं ओकत होती, आणि दोघं काठाला येता येता पाण्यात पडून कसेबसे वाचले. होडी धड असती तर काहिलीची वेळ आली नसती, एवढं एक वाक्य मात्र कुणी छापलं नाही.

एका कारखान्यात कापायचं यंत्र काचेच्या कपाटात ठेवलेलं. सुरक्षा सप्ताहात त्याला हार घालायचे. मी म्हणालो, महिन्यातून एकदा इंजिन चालू करत जा. तिथला सुरक्षा अधिकारी मला म्हणाला, "अहो, ऑइलचे डाग पडतात कपाटात." या माणसाला त्या वर्षी बक्षीस मिळालं.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. कारेगावची इमारत पडली त्या दिवसापासून येईनासं झालं.

नवं शतक लागून थोडीच वर्षं झाली होती. लोकांच्या हाती मोबाइल नुकते आले होते. कारेगावच्या आसपास कारखाने उभे राहिले आणि कामगारांना खोल्या पुरेनात. मग काल ज्वारी होती तिथं आज तीन मजले उभे राहायचे. पाया किती, लोखंड किती, हे विचारायची रीत नव्हती. वर पत्र्याच्या खोल्या आणि त्यांच्या डोक्यावर पाण्याच्या टाक्या.

त्या सकाळी मी जवळच्याच एका कारखान्यात ऐकायच्या यंत्राचं प्रात्यक्षिक देत होतो. या यंत्राच्या डब्या ढिगाऱ्यावर ठेवायच्या. आत कुणी नखानं खरवडलं तरी त्याचा कंप डबीला कळतो आणि हेडफोनमध्ये आवाज येतो. मीटिंग हॉल थंडगार, दारं बंद, गालिचा अंथरलेला. एका क्लार्कला टेबलाखाली बसवून खरवडायला लावलं. मॅनेजरसाहेबांनी हेडफोन लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या संपतात न संपतात तोच खिडकीच्या काचा थरथरल्या आणि रस्त्यापलीकडं धुळीचा लोट उठला.

मी पेटी उचलून तिथं पोचलो, तेव्हा तीन मजल्यांचे स्लॅब भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसले होते. पहिल्या पाळीची माणसं कामावर होती, रात्रपाळीची खोल्यांत झोपलेली. गावातल्या लोकांनी हातानं, पहारीनं, बरीच जणं ओढून काढली होती. काही गेली होती. शेवटी हिशेब लागला तेव्हा दोघंच सापडत नव्हते. दत्तू, वरच्या मजल्यावर बायकोबरोबर राहणारा. आणि सलीम, दौंडचा, खालच्या खोलीत एकटा राहायचा. दोघं एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर रात्रपाळीला.

सरकारी बाजूनं एक नायब तहसीलदार बाई आल्या होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. तरुण, नव्यानंच नेमणूक झालेल्या, सँडलचा पट्टा तुटलेला. मी मनात म्हटलं, झालं, आता या पंचनामा करत बसणार. पोलिसांकडं वायरलेस होता, अग्निशमनवाल्यांकडं होता आणि कारखान्याच्या सुरक्षारक्षकांकडंही होता. तिन्ही वेगळ्या लहरींवर, एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नव्हतं. त्यामुळं पन्नास पावलांवरचा निरोप सांगायला एक हवालदार मोपेडवरून ये-जा करत होता. त्याचा हॉर्न सारखा चालू.

तेवढ्यात ढिगाऱ्यातून मोबाइल वाजला.

"दत्त्याचा हाय! त्याचीच रिंग हाय!" दत्तूचा एक सोबती ओरडला. झालं, सगळा जमाव त्या बाजूला धावला. कुणीतरी पुन्हा फोन लावला, पुन्हा वाजला. मग प्रत्येकानंच लावायला सुरुवात केली. टीव्हीवाले आपली गाडी आणि जनरेटर घेऊन आले होते. त्यांचा माणूस कॅमेऱ्यासमोर सांगू लागला, की ढिगाऱ्याखालच्या कामगाराशी मोबाइलवर संपर्क झाला आहे. संपर्क! फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. पण हे ऐकून गावोगावचे नातेवाईक फोन लावू लागले. जेसीबी आणला, आणि रिंग येईल तिकडं उकरायला सुरुवात झाली.

मी त्या गर्दीपासून थोडा बाजूला डब्या मांडून बसलो. हेडफोनमध्ये काय ऐकू येत होतं ते सांगतो. जेसीबीचं इंजिन, टीव्हीवाल्यांचा जनरेटर, नगर रस्त्यावरचे ट्रक. शेजारच्या विहिरीवरची मोटर. फुटलेल्या टाकीचं ठिबकणारं पाणी, टप, टप, अगदी माणसानं ठोकावं तसं. ढिगाऱ्यावर चढलेली शंभर माणसं आणि त्यांच्या चपला. मोपेडचा हॉर्न. आणि प्रत्येकाचं बोलणं. कसं उकरावं, कुणी उकरावं, बिल्डर कुठं पळाला, यात कोणाचा हात आहे. त्या पेटीला माणसाचं नख आणि माणसाची बडबड यातला फरक समजत नाही. मीटिंग हॉलमध्ये टाळ्या घेणारं माझं लाडकं यंत्र तिथं निव्वळ डोकेदुखी होतं.

मी हवालदाराला सांगितलं, "जरा सगळं थांबवा. मला ऐकायचंय."

"आवो, थांबवून कसं चालंल?" तो म्हणाला. "मानसं आत हायती आन् तुमी काम थांबवायला सांगताय?"

हे उत्तर मी पुढं सगळीकडं ऐकलं. आवाज म्हणजे काम, अशी आपल्याकडं ठाम समजूत आहे. गप्प बसलेला माणूस काही करत नसतो.

दुपार कलंडली तेव्हा जेसीबीनं चेपलेले पत्रे ओढले आणि फोन सापडला. चार्जरच्या वायरला लोंबकळत होता. प्लग अजून भिंतीच्या तुकड्यात बसलेला. त्याच्या आजूबाजूला गादी होती, भांडी होती, कपडे होते. दत्तू नव्हता.

जमावाचं सगळं अवसान गेलं. कुणीतरी म्हणालं, आता काही उरलं नसणार. जेसीबीचा मालक मॅडमना म्हणाला, सरसकट ढिगारा ओढून मोकळा करतो, संध्याकाळपर्यंत जागा साफ होईल. पाचसहा जणांनी माना डोलावल्या. तसं केलं असतं, तर आत कुणी जिवंत असता तरी त्याच्यावर स्लॅब सरकून तो चेंगरला असता. मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या यंत्रात काही ऐकू आलं का?"

"या गोंगाटात काहीच कळत नाही, मॅडम."

"म्हणजे आत कोणी नाही, असंही म्हणता येत नाही?"

"नाही येत."

एवढ्यात सुनीता आली. दत्तूची बायको. एका पॅकिंगच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होती. तिच्या सुपरवायझरला बातमी सकाळीच कळली होती. पण लाइन बंद पडेल म्हणून त्यानं तिला पाळी सुटल्यावर सांगितलं. डोक्याला कारखान्याची टोपी तशीच. तिनं फोन सापडलेल्या खड्ड्याकडं बघितलं आणि आधी तिला काही समजेचना.

"तितं कशाला उकारलं?" तिनं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या खोलीत फोन वाजत होता, म्हणून."

"फोन वाजंल की. चार्जिंगला लावत्यात ते. पर दिवसा कवा खोलीत झोपत न्हाईत. पत्र्याखाली काय झोप लागतीय? खाली सलीमभाऊच्या खोलीत झोपत्यात. रोजच."

मॅडमनी विचारलं, "सलीमची खोली कुठली?"

तिनं हात केला, आमच्या डाव्या हाताला, अगदी टोकाकडं. जिथं सकाळपासून कुणी गेलं नव्हतं, कारण तिथं काही वाजत नव्हतं.

आमच्या धंद्याच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, की यंत्र काढायच्या आधी विचारा, कोण कुठं झोपलं होतं. त्या दिवशी तिथं तीन खात्यांची माणसं होती, टीव्ही होता, गावातले पुढारी होते. विचारायचं कुणाच्याही ध्यानात आलं नाही. सगळे दत्तूशी फोनवर बोलण्यात गुंतले होते.

मॅडम जेसीबीकडं गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, इंजिन बंद कर. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता. "मॅडम, बंद करूंगा तो फिर चालू नहीं होगी. बॅटरी डाउन है." म्हणून तो सकाळपासून जेवतानाही इंजिन चालू ठेवत होता! मॅडमनी चावी स्वतः फिरवली. मग टीव्हीवाल्यांचा जनरेटर. त्यांचा माणूस म्हणाला, आम्ही लाइव्ह आहोत. मॅडम म्हणाल्या, "आत कोण लाइव्ह आहे ते आधी बघू." मोटर बंद करायला माणूस धावला. हवालदारानं मोपेड बंद केली आणि बुटात खडा रुतल्यासारखा चेहरा केला. मोबाइल बंद करा म्हटल्यावर निम्म्या लोकांना तो बंद कसा करतात हेच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना वाटलं, आपला एक चालू राहिला तर काय बिघडतंय. शेवटी सुनीता ढिगाऱ्यासमोर उभी राहिली. तिनं हात जोडले नाहीत की रडली नाही. एवढंच म्हणाली, "कुनी बोलू नगा."

माणसं गप्प झाली. मी डाव्या टोकाला डब्या मांडल्या.

आणि नगर रस्त्यावरून सायरन ऐकू आला.

एक पुढारी पाहणीला येत होते. त्यांचं नाव किंवा पद सांगून कुणाचा मान वाढवायचा नाही. पुढं पोलिसांची गाडी, मागं कार्यकर्त्यांच्या दहाबारा जीपा, सगळ्यांचे हॉर्न चालू. ढिगाऱ्यावरचे निम्मे लोक त्या बाजूला वळलेसुद्धा. मॅडमनी सँडल तिथंच टाकली आणि अनवाणी रस्त्याकडं धावल्या. पहिल्या गाडीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. मी लांबून बघत होतो. काच खाली झाली, कुणीतरी हातवारे केले, एक कार्यकर्ता उतरून अंगावर धावून गेला. त्या जागच्या हलल्या नाहीत. पुढं हवालदारानं मला सांगितलं, की त्या एवढंच बोलल्या होत्या, "सायरन बंद करा आणि गाडीतच बसा. साहेबांना उतरायचं असेल तर चालत यावं आणि बोलू नये."

सायरन बंद झाला.

आणि मग खरोखर शांतता झाली. इतक्या माणसांची शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. हेडफोनमध्ये टाकीचं पाणी ठिबकत होतं. त्या ठिबकण्याला एक लय होती. आणि त्या लयीच्या बाहेर, फार अशक्त, धातूचा आवाज आला. दोन ठोके. थांबून दोन. परत काही नाही. मी डबी हातभर सरकवली. आवाज वाढला. आणखी सरकवली, कमी झाला. मी हात वर केला.

सुनीतानं माझ्याकडं बघितलं. मी होकाराची मान हलवली.

पुढचं काम जेसीबीचं नव्हतं. ट्रकवाल्यांचे जॅक घेतले, रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे ठोकळे लावत लावत स्लॅब बोटबोट उचलला. अग्निशमनच्या दोन जवानांनी पालथं पडून आत हात घातले. ती पोरं कामाची होती, एवढं कबूल करतो. दिवस मावळायच्या सुमारास दत्तू बाहेर आला. एक पाय मोडलेला, तोंडात सिमेंट, पण शुद्धीवर. हातात जेवणाच्या डब्याचं झाकण घट्ट धरलेलं. लोकांनी जयघोष केला. पुढाऱ्यांनी स्ट्रेचरला हात लावला आणि तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडं आला.

दत्तूला गाडीत घालताना त्यानं माझा हात धरला. "सलीमभाऊ..." तो म्हणाला.

"काढतोय त्यालाही," मी म्हणालो.

"त्यो गेला. दुपारीच. सकाळपासनं त्योच वाजवत होता झाकन. माजा येक हात दबला होता. म्हनायचा, येत्याल, ऐकत्याल. मंग गप झाला. मंग म्या त्येच्या हातातनं झाकन घेतलं."

सलीमला काढला. त्याच्या बोटांची नखं तुटली होती.

पुढं जे झालं ते आपल्याकडं होतं तसंच झालं. पेपरात यंत्राचं कौतुक आलं. कंपनीनं दत्तूचा फोटो माहितीपत्रकावर छापला आणि खाली लिहिलं, की आमचं यंत्र श्वाससुद्धा ऐकतं. साफ खोटं. त्या माहितीपत्रकावर मी बरीच यंत्रं विकली. विकताना प्रत्येक ठिकाणी सांगायचो, साहेब, यंत्राबरोबर लोकांना गप्प करायची माणसं ठेवा, आणि एकच माणूस सांगेल तेव्हा सगळे थांबतील अशी सवय लावा. साहेब लोक विचारायचे, "नव्या मॉडेलमध्ये ते ऑटोमॅटिक नाही का?" मॅडमची त्याच वर्षी बदली झाली. कुठं, ते मला विचारूनही कळलं नाही. बिल्डर जामिनावर सुटला आणि त्यानं शेजारच्याच शेतात चार मजले चढवले.

सलीमच्या घरी मी दौंडला गेलो. जायला मला थोडे महिने लागले. स्टेशनच्या पलीकडं लहानसं घर, बाहेर वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. वडिलांनी खुर्ची पुढं सरकवली. आईनं चहा आणला. तिला कुणीतरी सांगितलं होतं, की हेच ते मशीनवाले.

"त्यात बारीक आवाज बी येतो म्हणं?" तिनं विचारलं.

"येतो, आई."

"मंग माझ्या सलीमचा आला व्हता?"

मी सांगू शकलो असतो, की आला होता, आम्ही धावलो होतो, पण उशीर झाला. खोटं बोलायची आमच्या धंद्यात सवय असते. तिच्यासमोर जमलं नाही.

"नाही आला, आई. तो सकाळपासनं वाजवत होता. पण लोकांचं बोलणं चालू होतं. त्यात ऐकू आलं नाही."

तिनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला. रागावली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून तिनं विचारलं,

"एवढं काय बोलत व्हती मानसं?"